खोलीतली दुसरी

१

त्याचं आडनाव वेगळंच होतं, पण जिथे जिथे तो कॉम्प्युटरचं काम करून यायचा तिथे पाठीमागे त्याला 'शहाणे' म्हणत. हे त्याच्या कानावर आलेलं होतं आणि त्यात टोमणा आहे असं त्याला कधी वाटलं नाही. जगातली शहाणी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि त्यातला अंगठा आपण, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

अंधांसाठीच्या त्या श्राव्य ग्रंथालयात तो पहिल्यांदा गेला तो एका शनिवारी दुपारी, आणि तोही बायकोने तीन आठवडे भुणभुण लावली म्हणून. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या होत्या. पहिलीत ऐकणाऱ्यांसाठी सहा टेबलं आणि सहा हेडफोन. दुसरीत ग्रंथपाल बाई, त्यांची कपाटं आणि कोपऱ्यात घरघरणारा सर्व्हर. तिच्या मागे, पूर्वी अडगळीची असावी अशी, वाचनाची खोली. भिंतींना राखाडी फोम, एक टेबल, एक माईक, एक खुर्ची. दुसरी खुर्ची ठेवली असती तर दारच उघडलं नसतं. दाराशेजारी काचेची खिडकी आणि वर लाल दिवा. दिवा लागला की बाहेरच्यांनी शिंकही गिळायची.

याच खोलीत त्याची बायको आठवड्यातून तीन दुपारी पुस्तकं वाचायला यायची. तिच्यासारख्या आणखी आठ-दहाजणी होत्या, दोन निवृत्त मास्तर होते. घरात कोणी ऐकून घेत नाही म्हणून ही माणसं इथे येऊन आंधळ्यांना गाठतात, असं शहाणेचं मत होतं. ते त्याने बायकोला दोनदा ऐकवलंही होतं.

"गेल्या वर्षी डिस्क गेली," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "अकरा महिन्यांचं वाचन होतं हो तिच्यावर. एक अक्षर परत मिळालं नाही."

"एकाच डिस्कवर? अकरा महिने?" शहाणे म्हणाला. "बाई, एका सुतळीवर अख्ख्या चाळीचं धुणं वाळत घालता आणि मग सुतळी तुटली म्हणून रडता!"

बाईंनी मान खाली घातली. त्याला ते आवडलं.

मग त्याने जुनी सिस्टिम उपटून टाकली आणि आपली बसवली. "ही फुकटवाली का?" असं बाईंनी विचारल्यावर त्याने मान वर न करता सांगितलं, "फुकट नव्हे, मुक्त. हिच्यातली ओळ न् ओळ कोणालाही उघडून वाचता येते. हिच्या पोटात काही लपत नाही. तुमच्यासारख्यांना त्याचं काय कौतुक असणार म्हणा."

त्याने एकसारख्या दोन डिस्क लावल्या आणि त्यांची जोडी बांधली. यालाच मिररिंग म्हणतात. जे काही साठवायचं ते एकाच वेळी दोन्हींवर लिहिलं जातं. एक मेली तरी दुसरी काम चालू ठेवते आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. सगळं ठीक असेल तर पडद्यावर कंसात दोन 'यू' दिसतात. एक डिस्क गेली की त्या जागी नुसती रेघ येते.

जाता जाता त्याने तमाशाही करून दाखवला. एका टेबलावर वाचन लावलं आणि ते चालू असताना एका डिस्कची केबल सरळ उपटली. बाईंनी तोंडावर हात नेला. हेडफोनमधलं वाचन अडखळलंसुद्धा नाही. त्याने केबल परत खोचली. पडद्यावर नक्कल भरत आल्याचे टक्के चढत गेले आणि रेघेच्या जागी पुन्हा 'यू' आला.

"आता अर्धं मशीन जळालं तरी तुमचं पुराण चालू राहील," तो म्हणाला.

२

साडेतीन महिन्यांनी बाईंचा फोन आला. एका ऐकणाऱ्याची तक्रार होती.

हा ऐकणारा म्हणजे निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून दृष्टी नाही. एकतीस वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर बसून त्यांनी हजारो आवाज इकडचे तिकडे जोडून दिले होते. सगळे त्यांना काका म्हणत. शहाणेच्या बायकोने तेव्हा मधमाशीपालनावरचं एक जाडजूड पुस्तक वाचायला घेतलं होतं. काकांना ना माशा पाळायच्या होत्या ना मध काढायचा होता, पण ते एकही भाग चुकवत नसत.

"साहेब, वहिनींच्या वाचनात खोलीत दोघी आहेत," शहाणे ग्रंथालयात आल्यावर काका म्हणाले.

"दोघी?"

"दोघी. दहाव्या भागापासून. पण रोज नाही. परवा पंधरावा भाग ऐकला तेव्हा दोघी होत्या. काल तोच भाग पुन्हा लावून घेतला, तर एकच."

शहाणेने ग्रंथपाल बाईंकडे बघून डोळे फिरवले. काकांसमोर तोंड वेंगाडायला हरकत नव्हती, त्यांना कुठे दिसणार होतं!

"काका, रेकॉर्डिंग म्हणजे रेकॉर्डिंग. ते काय मनाला येईल तसं बदलतं?"

"तेच तर मी म्हणतोय. बदलायला नको."

"वय झालं की कानात असे आवाज येतात."

"वयाचे आवाज मला माहीत आहेत साहेब," काका शांतपणे म्हणाले. "हा तसला नाही. आणि त्या दोघींमधली जी..."

"काका, पुरे. मी बघतो."

त्याने हेडफोन चढवला आणि पंधरावा भाग लावला. बायको वाचत होती. पेट्या कोणत्या दिशेला तोंड करून ठेवाव्यात याबद्दल काहीतरी. काहीही वावगं नव्हतं. पुन्हा लावला, तरी काही नाही. निव्वळ काकांना गप्प करण्यासाठी त्याने तिसऱ्यांदा लावला, आणि चौथ्या मिनिटाला फरशीवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वाचन त्याच लयीत चालू होतं. वाचणारीने स्वतःची खुर्ची सरकवली असती तर आवाज हलला असता.

"शेजारच्या खोलीतलं काहीतरी पकडलं असेल माईकने," तो म्हणाला आणि हेडफोन टेबलावर टाकला. दारापलीकडे बाई शिंकही गिळत आणि बाकी तिन्ही बाजूंना भिंत आणि भिंतीपलीकडे मोकळी हवा, हे त्याला जिना उतरताना आठवलं.

घरी जेवताना त्याने बायकोला विचारलं, "त्या खोलीत तुझ्याबरोबर कोण असतं?"

"कोण असणार? एकटीच असते मी." तिने घास परत ताटात ठेवला. "पण हल्ली मला तिथे नकोसं होतं. कसं सांगू? परवा पान उलटायला मी थांबले ना, तर मला वाटलं, मी थांबलेय पण वाचन चालूच आहे."

तो फोनवर बातम्या वाचत होता. "प्रतिध्वनी असेल," तो म्हणाला.

"फोम लावलाय की सगळीकडे."

"मग नको जाऊस. तुला काय कोणी पालखी पाठवलीय?"

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ताटं उचलली. ती आणखी काहीतरी म्हणाली. काय ते त्याने ऐकलं नाही.

३

खरं तर त्याने तिथेच सोडून दिलं असतं. पण आपण बांधलेल्या जोडीबद्दल एका आंधळ्या म्हाताऱ्याने शंका काढावी, हे त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं. सोमवारी सकाळी तो काही न सांगता ग्रंथालयात जाऊन बसला आणि त्याने तपासणी लावली. या तपासणीत सिस्टिम दोन्ही डिस्क तुकड्या-तुकड्याने ताडून बघते आणि किती तुकडे जुळत नाहीत ते सांगते. उत्तर शून्य यायला हवं.

दोन तासांनी उत्तर आलं, पाच हजार एकशे वीस.

"असतं थोडंफार," तो स्वतःशीच पुटपुटला. थोडंफार असतंही. सिस्टिम स्वतःच्या कामासाठी जी जागा वापरते तिथे असा निरुपद्रवी फरक कधीकधी पडतो. म्हणून त्याने जोडी सोडली, दोन्ही डिस्क वेगवेगळ्या लावल्या आणि एकेका फायलीचा ठसा, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारा आकडा, काढून समोरासमोर ठेवला. अठराशेवर फायली होत्या. बाकीच्या वाचकांची सगळी पुस्तकं, कविता, प्रवासवर्णनं, कायद्याची कंटाळवाणी कलमं तंतोतंत जुळली.

मधमाशांचे बेचाळीस भाग झाले होते. पहिले नऊ जुळले. दहाव्यापासून बेचाळिसाव्यापर्यंत एकही जुळला नाही.

म्हातारा बरोबर होता, निदान अर्धा. लिहिताना दोन्ही डिस्कवर लिहिलं जातं, पण ऐकवताना जी मोकळी असेल तिच्यावरून ऐकवलं जातं. एक दिवस ही, एक दिवस ती. काकांना कधी दोघी ऐकू यायच्या आणि कधी एक, त्याचं कारण एवढंच होतं.

कारण सापडल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं. तो बराच वेळ ठशांच्या त्या दोन रांगांकडे बघत बसला. एकच माईक, एकच तार, एकच क्षण. दोन डिस्कवर दोन वेगळ्या दुपारी कशा उतरतील?

४

शांत जागा एकच होती, वाचनाची खोली. तो लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन आत गेला आणि दार लावलं. फोमने बाहेरचं जग एका घोटात गिळलं. स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येऊ लागलं. तो त्या एकुलत्या एका खुर्चीवर बसला. पाठीमागे भिंत हातभर अंतरावर होती.

आधी पहिल्या डिस्कवरचा बेचाळिसावा भाग लावला. वाचन स्वच्छ होतं, आरशासारखं. शब्दामागून शब्द येत होते, मध्ये खाकरणं नाही, अडखळणं नाही. आपल्या बायकोला हे इतकं बरं जमतं, याचं त्याला जरा नवल वाटलं. घरी तर तिला एक वाक्य धड पुरं करता येत नाही.

मग दुसऱ्या डिस्कवरचा.

तोच आवाज, तेच शब्द. पण त्या आवाजाच्या मागे खोली होती. कापड घासलं गेलं. खुर्ची सरकली. कोणीतरी श्वास घेत होतं, धाप लागल्यासारखा, आणि वाचन त्या श्वासावरून सरळ पुढे जात होतं. तेराव्या मिनिटाला त्या मागच्या कोणीतरी बोलायला सुरुवात केली. शब्द कळत नव्हते. बंद दाराआडून कोणी विनवावं तसा नुसता चढउतार कळत होता. वाचणारी थांबली नाही. उलट तिने आवाज थोडा चढवला.

हेडफोनमधला तो श्वास उजव्या खांद्यामागून येत होता. मागे हातभर जागा आणि भिंत आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वळून बघायला एक क्षण पुरला असता. तो वळला नाही. त्याने हेडफोन काढला आणि टेबलाच्या कडेला हात धरून उठला. दाराची कडी त्याला दोनदा सापडली नाही.

बाहेर ग्रंथपाल बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. "बरं वाटत नाहीय का, साहेब?"

"आत हवा नाही," तो खेकसला. "कोंबड्यांचं खुराडं केलंय नुसतं."

५

मंगळवारी सकाळपर्यंत भीतीचा राग झाला होता, आणि राग त्याला पचायचा.

"दोन डिस्कमध्ये फरक पडलाय," त्याने बाईंना सांगितलं. "दुसरी खराब आहे. ती पुसून टाकतो आणि पहिलीवरून पुन्हा भरून घेतो."

"दुसरीच खराब आहे हे सिस्टिमने सांगितलं का?"

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच त्याला तो झोंबला. सिस्टिम असं काही सांगत नाही. दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगतात आणि तिसरा नसतो. कोण खरा, ते माणसाने ठरवायचं.

"बाई, एकीवर स्वच्छ वाचन आहे, एकीवर कचरा. यातलं खरं कुठलं, हे कळायला शाळेत जावं लागतं का?"

"नाही, म्हणजे एकदा काकांना विचारलं असतं..."

"काकांना!" तो हसला. "उद्या झाडूवाल्यालाही विचारू."

सकाळभर दुसरी डिस्क शून्यांनी भरत राहिली. एकदा शून्यं बसली की खालचं परत येत नाही, म्हणून त्याला हा मार्ग आवडायचा. दुपारी त्याने कोरी झालेली डिस्क जोडीत परत घातली आणि पहिलीवरची नक्कल तिच्यावर उतरू लागली. तेवढ्यात बायको आली. त्रेचाळिसावा भाग वाचायचा तिचा वार होता.

"आज राहू दे का?" ती दाराशी थांबून म्हणाली.

"का? मशीनला काही होत नाही. मी बसलोय ना इथे."

ती आत गेली. लाल दिवा लागला. बाईंच्या टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून तिचा आवाज येऊ लागला. माशांना धूर द्यायच्या धुराड्यात ओला पालापाचोळा घालू नये, त्याने माशा बिथरतात. बाई जेवणाचा डबा धुवायला खाली गेल्या होत्या. बाहेर लख्ख ऊन होतं आणि रस्त्यावर कोणीतरी मोटारसायकलला किका मारत होतं.

ब्याण्णव टक्के. पंच्याण्णव.

सत्त्याण्णव झाले तेव्हा त्याने सहज मान वर केली.

बायको काचेशी उभी होती. दोन्ही तळवे काचेवर सपाट टेकलेले, नाकाजवळ काच धुरकट झालेली. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. स्पीकरमध्ये वाचन चालू होतं. धुराडं पेटीच्या तोंडाशी धरावं आणि हलक्या हाताने तीन वेळा दाबावं.

त्याने पडद्याकडे पाहिलं. का पाहिलं ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. बहुधा सवयीने. शंभर टक्के. दोन 'यू' शेजारी शेजारी उभे होते.

पुन्हा वर बघितलं तर बायको खुर्चीवर होती. पाठ त्याच्याकडे, मान पुस्तकावर झुकलेली. ती पान उलटत होती. काचेवरचं धुकं कडेकडेने आटत गेलं आणि नाहीसं झालं.

पाणी हवं असेल, त्याने ठरवलं. मध्येच उठून परत बसली. वाचता वाचता उठायचं कशाला, एवढीही शिस्त नाही. त्याने तपासणी लावून दिली. संध्याकाळी उत्तर आलं, शून्य. दोघं एकत्रच घरी गेले. वाटेत ती काही बोलली नाही आणि त्याला ते बरंच वाटलं.

६

बुधवारी दुपारी तो मुद्दाम गेला. काकांच्या तोंडून कबुली ऐकायची होती.

काकांनी त्रेचाळिसावा भाग पूर्ण ऐकला. मग चाळिसावा लावून घेतला, मग तिसावा. शहाणे शेजारी उभा राहून बोटांनी टेबल वाजवत होता. शेवटी काकांनी हेडफोन उतरवला आणि तो हातात तसाच धरून ठेवला.

"आता एकच आहे," ते म्हणाले.

"मी म्हणालो नव्हतो? डिस्क खराब होती. पुसून टाकली."

"पुसली?" काकांचा चेहरा त्याच्या दिशेला वळला. "म्हणजे परत मिळणार नाही?"

"कचरा परत कशाला हवाय?"

काकांनी हेडफोनची तार बोटाला गुंडाळली. "साहेब, पहिले नऊ भाग वहिनींचे आहेत. दहाव्यापासून वाचते ती दुसरीच. आवाज हुबेहूब, शब्द स्वच्छ. पण ती श्वास घेत नाही. मी बोर्डावर एकतीस वर्षं काढली, श्वास न घेता बोलणारं माणूस मला भेटलं नाही. मागे धापा टाकायच्या ना, त्या वहिनी होत्या. आधी जवळ होत्या, मग लांब लांब जायला लागल्या."

"काहीतरी बरळू नका."

"मी सांगत होतो तेव्हा तुम्ही पुरे म्हणालात. मग मला वाटलं, तुम्हाला कळलंच असेल. तुमच्याच घरातला आवाज."

शहाणेने त्यांच्या हातातून हेडफोन जवळजवळ हिसकावला. त्रेचाळिसावा भाग. धुराडं, पालापाचोळा, पेटीचं तोंड. तो श्वासाची जागा शोधत राहिला. एक वाक्य संपलं, दुसरं सुरू झालं, तिसरं. मग पहिला भाग लावला. मग पुन्हा त्रेचाळिसावा. दोन्ही आवाज त्याला सारखेच वाटले.

जिना त्याने धावतच उतरला. रस्त्यावर मात्र तो चालू लागला, आणि घर जवळ आलं तसा हळूहळू चालू लागला. एकोणीस वर्षांत ती काय काय म्हणाली होती ते त्याला बऱ्यापैकी आठवत होतं. गळका नळ, तिच्या भावाचं आजारपण, गॅलरीतली जाळी. ते ती कशी म्हणाली होती, वाक्य कुठे तोडायची, हसण्याआधी दम घ्यायची की नाही, यातलं काहीच आठवेना. त्याने आठवायचा प्रयत्न केला की दर वेळी त्याचाच आवाज मध्ये यायचा.

दार नुसतं लोटलेलं होतं. तिच्या चपला जागेवर होत्या. आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज झाला. तो बूट काढायला वाकला, एक काढला आणि तसाच थांबला.

"अहो, ऐकलंत का?" आतून हाक आली.

तो जिवाचा कान करून ऐकू लागला. आवाज तिचा होता की नव्हता, हे ताडून बघायला त्याच्याजवळ काहीही नव्हतं.

कपाट बंद झालं. पावलं बाहेर येऊ लागली.